ब्रेन ट्यूमरचा ग्रोथ सिग्नल रोखणारं ‘नैसर्गिक’ काही खरंच आहे का? हळद, ग्रीन टी, सालई... जाणकारांनी सांगा

चहाबाज

नमस्कार मंडळी, एरवी मी इथे फक्त पाककृतींच्या धाग्यांवर असते, असा धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबेल थोडा, सांभाळून घ्या.

बाबा ६१ वर्षांचे. दिवाळीत फराळाला बसले होते, चमचा मागायचा होता तर म्हणाले "ते हे दे गं, ते... ढवळायचं". आम्ही सगळे हसलो. दोन दिवसांनी बाथरूममध्ये फिट आली. मग एमआरआय, ऑपरेशन. डाव्या टेम्पोरल लोबमधली गाठ, बोलण्याच्या भागाला चिकटलेली, म्हणून जेवढी काढता आली तेवढीच काढली. बायॉप्सीत ग्लायोब्लास्टोमा, म्हणजे मेंदूचा कॅन्सर, ग्रेड ४. नंतर मॉलिक्युलर (म्हणजे गाठीतल्या जीन्सचा) रिपोर्ट आला त्यात आयडीएच वाइल्डटाइप, एमजीएमटी अनमिथायलेटेड आणि ईजीएफआर अ‍ॅम्प्लिफाइड. हे शेवटचं वाचून काका म्हणाले अरे वा, ईजीएफआर वाढलाय म्हणजे किडनी ठणठणीत की, माझा तर ५५ वर आलाय. दोन दिवस आमच्या घरात खरंच तो आनंद होता. मग कळलं की किडनीचा ईजीएफआर वेगळा आणि हा वेगळा, हा पेशीला "वाढ, वाढ" असा निरोप देणारा रिसेप्टर आहे आणि बाबांच्या गाठीत तो नको तेवढा झालाय.

सोमवारपासून रेडिएशन, ३० सिटिंग, सोबत टेमोझोलोमाइड या किमोच्या कॅप्सूल. आता खरा प्रश्न. आत्या सांगलीहून चार किलो ओली हळद आणि "९५ टक्के कर्क्युमिन विथ पाइपरिन"च्या तीन बाटल्या घेऊन आलीय. अमेरिकेतला चुलतभाऊ रोज एक पेपर पाठवतो, कर्क्युमिन ईजीएफआरला रोखतं, ग्रीन टीतलं अमुक रोखतं, सगळ्यात ग्लायोब्लास्टोमा शब्द आहे, म्हणजे हे काही व्हॉट्सअ‍ॅप युनिव्हर्सिटी नाही. (ती पण आहेच, लक्ष्मणफळ किमोपेक्षा १०,००० पट भारी हा फॉरवर्ड आतापर्यंत सहा जणांकडून आलाय.) ओपीडीत डॉक्टरांना विचारलं तर "काही देऊ नका" एवढंच म्हणाले, मागे तीस पेशंट उभे होते, मी तरी काय हुज्जत घालणार. पण का नाही द्यायचं? पेपर खोटे आहेत का? की उगाच आयुर्वेदाला विरोध म्हणून? आणि दिलं तर नुकसान तरी काय, हळदच तर आहे.

एक विनंती, किती महिने, किती टक्के हे आकडे मी वाचलेत. ते इथे लिहू नका प्लीज, आई पण हा धागा वाचणार आहे.

पेट्रीडिश

चहाबाज ताई, बाबांचं वाचून वाईट वाटलं. मी डॉक्टर नाही हे आधीच सांगतो, ग्लायोमाच्या (याच कुळातल्या गाठींच्या) पेशींवर पीएचडीची साडेपाच वर्षं घातलीत एवढाच अधिकार.

तुमच्या भावाने पाठवलेले पेपर खोटे नाहीत, आणि घोळ तिथेच आहे. डिशमधल्या ग्लायोमा पेशींवर कर्क्युमिन टाकलं की ईजीएफआर खाली येतो, त्याच्याकडून निरोप घेणारा एकेटी मंदावतो, स्टॅट३ गप्प होतो, पेशी मरतात. मी स्वतः बघितलंय. ग्रीन टीतलं ईजीसीजी, कांद्यातलं क्वर्सेटिन, द्राक्षाच्या सालीतलं रेस्व्हेराट्रॉल, दारुहळदीतलं बर्बेरिन, सगळ्यांचे असे पेपर ढिगाने आहेत.

आता ती डिश कशी असते ते सांगतो. प्लास्टिकची, तळहाताएवढी, तळाला पेशींचा एक थर आणि वर गुलाबी पाणी. कर्क्युमिन पाण्यात विरघळतच नाही म्हणून डीएमएसओ नावाच्या सॉल्व्हंटमध्ये विरघळवायचं आणि वरून सोडायचं. पिपेटची टिप पिवळी, ग्लोव्हज पिवळे, माझ्या अ‍ॅप्रनच्या बाहीवरचा डाग अजून आहे (गाइड मॅडम म्हणायच्या याला लग्नाआधीच हळद लागली). औषध आणि पेशी यांच्यामध्ये तिथे काहीच नाही. पोट नाही, लिव्हर नाही, रक्त आणि मेंदू यांच्यामधली ती भिंत नाही. आणि डोस? १० ते ५० मायक्रोमोलर (द्रवात औषध किती दाट आहे ते मोजायचं एकक). हा आकडा लक्षात ठेवा.

घरात चहाचा चमचाभर हळद म्हणजे साधारण ३ ग्रॅम, त्यात कर्क्युमिन ३ टक्के धरा, झाले ९० मिलिग्रॅम. आतड्यातून त्यातलं अगदी थोडं आत शिरतं, जे शिरतं त्याला लिव्हर शेपूट चिकटवून बाहेरची वाट दाखवतं. मग मेंदूत काय पोचतं? हे कुणी मोजलंच नाही असं नाही. २०१६ मध्ये जर्मनीतल्या एका गटाने ग्लायोब्लास्टोमाच्या १३ पेशंटना, ज्यांचं ऑपरेशन ठरलेलं होतं, आधी ४ दिवस खास शोषलं जाईल असं बनवलेलं कर्क्युमिन दिलं, ७० मिलिग्रॅम दिवसातून ३ वेळा, आणि काढलेल्या गाठीत मोजलं. पोचलं होतं! सरासरी एका मिलिग्रॅम गाठीत ५६ पिकोग्रॅम. याचं मायक्रोमोलर करा (कर्क्युमिनचा रेणूभार ३६८), येतं ०.१५ च्या आसपास. डिशमध्ये १० पासून पुढे, गाठीत ०.१५. म्हणजे कमीत कमी ६०-७० पट कमी, आणि तेही खास बनवलेल्या मालाने, दुधातल्या हळदीने नव्हे.

दुसरं. एकच रेणू ईजीएफआर रोखतो, स्टॅट३ रोखतो, अजून वीस गोष्टी रोखतो असं वाचलं की केमिस्ट लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात. असे रेणू बऱ्याचदा टेस्टलाच गंडवतात, स्वतः चमकतात, प्रोटीनला उगाच चिकटतात, मीडियममध्ये बघता बघता तुटतात. कर्क्युमिन हे तिन्ही करतं.

तिसरं आणि मला वाटतं सगळ्यात महत्त्वाचं. समजा हळद सोडा, ईजीएफआर नेमका रोखणारं फॅक्टरीतलं चोख औषध दिलं तर? तेही करून झालंय. गेफिटिनिब, एर्लोटिनिब फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये कमाल करतात, ग्लायोब्लास्टोमात फेल गेली. कारण फुप्फुसात बिघाड रिसेप्टरच्या आतल्या बाजूला असतो, जिथे हे औषध बसतं. ग्लायोब्लास्टोमात बऱ्याचदा बाहेरच्या बाजूचा तुकडा गळालेला असतो, एक्सॉन २ ते ७, त्याला व्हीआयआयआय म्हणजे व्ही-थ्री म्हणतात. दाराच्या बेलचं बटण आत अडकून बसावं तसं, कुणी न दाबता वाजत राहतं. त्यावर लस काढली, मोठी ट्रायल झाली, तीही फेल. आणि एकाच गाठीत शेजारशेजारच्या पेशी वेगवेगळ्या रिसेप्टरवर चालतात, सायन-पनवेल बंद केला तर गाड्या पामबीचवरून जातात तशातला प्रकार. कैक वर्षं आणि अब्जावधी डॉलर घालून जे दार बंद नाही झालं ते कॅप्सूलने बंद होईल ही आशा मला तरी धरवत नाही.

(अवांतर: ज्या यू८७ पेशींवर जगभरातले निम्मे हळदीचे पेपर आहेत, त्या पेशी ज्या पेशंटच्या म्हणून ओळखल्या जातात त्याच्या नाहीतच असं २०१६ मध्ये निघालं. आहेत मेंदूच्याच कॅन्सरच्या बहुतेक, पण कुणाच्या ते माहीत नाही. मी चार वर्षं त्याच वापरल्या. असो.)

वाईची_मावशी

चहाबाज बाळा, मी काही शिकलेली नाही यातलं पण "नुकसान तरी काय" असं तू लिहिलंस म्हणून लिहितेय.

आमच्या ह्यांना अ‍ॅस्ट्रोसायटोमा होता (मेंदूतलीच गाठ), फिटसाठी फेनिटोइनच्या गोळ्या चालू होत्या. रेडिएशन संपून दोन महिने झाले असतील, हे जिना उतरताना भिंत धरायला लागले. सारखी पेंग. डोळे बघितले तर बुबुळं अशी बारीक बारीक थरथरतायत. माझ्या तर पोटात गोळाच आला, म्हटलं गाठ वाढली. रात्रीच्या रात्री गाडी करून पुण्याला नेलं, एमआरआय केला, तर होता तसाच. मग एका तरुण डॉक्टरने रक्तातली फेनिटोइनची लेव्हल काढली. १० ते २० पाहिजे ती ३१.

त्याने विचारलं काकू अजून काय देता. मी काहीच नाही म्हटलं! खोटं बोलले. लाज वाटली गं, एवढा शिकलेला मुलगा समोर, त्याला काय सांगायचं की दिराने आणलेल्या मिरीसत्त्वाच्या हळदगोळ्या देते म्हणून. सुनेने घरी जाऊन मसाल्याच्या डब्यामागची बाटली आणली आणि त्याच्यासमोर ठेवली. तो रागावला नाही. म्हणाला मिरीतल्या त्या पाइपरिनने हळद रक्तात जास्त जाते म्हणून घालतात, पण ते लिव्हरचं काम मंदावून जातं, मग शेजारची गोळी पण रक्तात जास्त साठते. नक्की त्यामुळेच झालं असं छातीठोक नाही सांगता येणार असंही म्हणाला, फेनिटोइनचा डोस पण त्याने कमी केला त्यामुळे. पण बाटली बंद झाली आणि आठ दिवसांत हे सरळ चालायला लागले.

तुझ्या बाबांना फिटसाठी काय चालू आहे ते बघ आधी. आणि जे काय द्याल ते डॉक्टरला सांग, माझ्यासारखी लपवू नकोस.

चहाबाज

मावशी, वाचून काटा आला अंगावर. बाबांना लेव्हेटिरासिटाम चालू आहे. आणि डेक्सा (सूज उतरवायचं स्टिरॉइड), त्याने शुगर २८० झालीय आणि भूक अशी की रात्री दोनला उठून पोहे मागतात.

पेट्रीडिश दादा, ०.१५ चं गणित मी स्वतः करून बघितलं, बरोबर येतंय. भावाला पाठवलं. त्याने "इंटरेस्टिंग" असं लिहून अजून तीन पेपर पाठवले :)

पेट्रीडिश

लेव्हेटिरासिटामचं बरं आहे, ते लिव्हरच्या त्या वाटेने फारसं जातच नाही, त्यामुळे मावशींसारखा प्रकार व्हायची शक्यता कमी. पण टेमोझोलोमाइड स्वतः लिव्हरला त्रास देऊ शकतं, प्लेटलेट पाडतं. अमेरिकेत हळदीच्या सप्लिमेंटने लिव्हर बिघडलेल्या १० केसेस २०२२ मध्ये छापून आल्या, त्यातल्या ७ जणांत एचएलए नावाच्या जीनचा एकच विशिष्ट प्रकार होता, म्हणजे कुणाला होईल कुणाला नाही हे जीन्सवर. ग्रीन टीचा एक्स्ट्रॅक्टही तसाच, युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये सांगितलं की सप्लिमेंटमधून दिवसाला ८०० मिलिग्रॅम ईजीसीजी किंवा त्याच्या वर गेलं की लिव्हरचे एन्झाइम वाढलेले दिसतात. कपातला चहा वेगळा. आता समजा सहाव्या आठवड्यात एसजीपीटी (लिव्हरचं एन्झाइम) वाढला, तर डॉक्टर काय करणार? किमो थांबवणार. हळदीच्या कॅप्सूलमुळे वाढला की किमोमुळे हे त्यांना कळायला मार्ग नाही. माझ्या मते खरं नुकसान हे आहे.

वैद्य_सातपुडा

मी बीएएमएस, एमडी, प्रॅक्टिस २२ वर्षं. पेट्रीडिश यांचं गणित मान्य आहे पण सूर जरा लॅबच्या खिडकीतून बघितल्यासारखा वाटला, म्हणून दोन शब्द.

पहिलं म्हणजे कुठल्याही संहितेत हळद ईजीएफआर रोखते असं लिहिलेलं नाही. अर्बुदाचं वर्णन सुश्रुतात आहे, पण कर्क्युमिन नावाचा एक रेणू उपसून, ९५ टक्के करून, मिरीच्या अर्कासोबत कॅप्सूलमध्ये कोंबणं हे आयुर्वेद नव्हे, ते सप्लिमेंटवाल्यांचं दुकान आहे, त्याचं पाप आमच्या माथी नको. मिरी-पिंपळीला आम्ही योगवाही म्हणतो, दुसऱ्या द्रव्याला बळ देणारी, वाहून नेणारी. मावशींच्या घरी ती फेनिटोइनला वाहून गेली, यात आम्हाला नवल काहीच नाही. पेशंट पाच इंग्रजी गोळ्या खात असताना मी त्रिकटू (सुंठ, मिरी, पिंपळी) देत नाही ते याचसाठी.

दुसरं, सालई. चहाबाज ताई, तुमच्या शीर्षकात आहे पण त्याच्यावर कुणीच बोललं नाही. आमच्या मेळघाटाच्या बाजूला डोंगरउतारावर ही झाडं आहेत, साल कागदासारखी सुटते, खाच पाडली की डिंक येतो, धुपात जातो. शल्लकी तीच. हिच्यावर मात्र माणसांवरची, प्लासिबो ठेवून केलेली ट्रायल आहे, जर्मनीतली, २०११ ची. मेंदूत गाठ असलेले, रेडिएशन चालू असलेले ४४ पेशंट, अर्ध्यांना रोज ४२०० मिलिग्रॅम सालईचा अर्क. रेडिएशन संपताना मेंदूची सूज ७५ टक्क्यांहून जास्त उतरलेले पेशंट सालईच्या गटात ६० टक्के, प्लासिबोच्या गटात २६ टक्के. काहींना जुलाब झाले, बाकी मोठा त्रास नाही.

पण नीट वाचा, सूज. गाठ नव्हे. वाढीचा सिग्नल वगैरे काही नाही, सूज आणणाऱ्या लायपॉक्सिजिनेज एन्झाइमवरचं काम आहे. आणि डेक्साचा डोस दोन्ही गटांत म्हणावा असा वेगळा नव्हता, म्हणजे "सालई द्या, स्टिरॉइड बंद करा" असं कुणी सांगितलं तर त्याच्या नादी लागू नका. विचारायचं असेल तर तुमच्या रेडिएशनच्या डॉक्टरांना हीच एक गोष्ट विचारा, अभ्यास दाखवून. हो म्हणाले तर पुढे, नाही म्हणाले तर नाही. बाजारातल्या सालईच्या गोळ्यांत किती सालई आणि किती राळ हा अजून वेगळा विषय.

भस्मं कोणी आणून दिली तर अजिबात नको. स्पष्ट सांगतो.

पेट्रीडिश

वैद्यबुवा, सुराबद्दल माफी. सालईच्या ट्रायलबद्दल +१, मी लिहायला विसरलो होतो.

मोनूचा_मामा

या धाग्यावर सगळे निसर्गाला झोडपतायत म्हणून दुसरी बाजू :)

माझ्या भाच्याला ट्युबरस स्क्लेरोसिस आहे. वय ११. यात टीएससी नावाचा ब्रेक जन्मतःच बिघडलेला असतो, त्यामुळे एमटॉर नावाचा वाढीचा सिग्नल मोकाट सुटतो. मोनूच्या मेंदूत पाण्याच्या पोकळ्यांना जोडणारी जी अरुंद वाट असते बरोबर तिच्या तोंडाशी गाठ होती, सेगा म्हणतात तिला. अजून वाढली असती तर पाणी तुंबलं असतं. त्याला एव्हरोलिमस चालू केलं आणि वर्षभरात गाठ डोळ्याला दिसेल इतकी आक्रसली, एमआरआयच्या दोन फिल्म शेजारी धरून ताई रडलीच.

तर हे एव्हरोलिमस कुठून आलं? मातीतून! १९६४ मध्ये कॅनडाची एक टीम ईस्टर बेटावर गेली होती, तिथून मातीचे नमुने आणले, त्यातल्या एका जिवाणूने बनवलेला रेणू म्हणजे रॅपामायसिन. बेटाचं तिथलं नाव रापा नुई, त्यावरून. शोधणारे सुरेंद्रनाथ सेहगल, आपल्याकडचेच, माँट्रियलच्या औषध कंपनीत होते. कंपनीने ८० च्या दशकात तिथली लॅब गुंडाळली, प्रोजेक्ट बंद, तर या माणसाने ते जिवाणू घरच्या फ्रीजरमध्ये जपून ठेवले. नंतर शास्त्रज्ञांनी हा रेणू पेशीत नेमका कशाला चिकटतो ते शोधलं आणि त्या प्रोटीनचं नावच पडलं टार्गेट ऑफ रॅपामायसिन, तोच एमटॉर. एव्हरोलिमस हे त्यात थोडा बदल करून बनवलेलं. सेगासाठी अमेरिकेत २०१० ला मंजूर झालं. २०१३ च्या ट्रायलमध्ये ११७ पेशंट होते, ३५ टक्के लोकांची गाठ निम्मी किंवा त्याहून लहान झाली, प्लासिबोवर एकाचीही नाही.

म्हणजे नैसर्गिक इनहिबिटर + ब्रेन ट्यूमर + ग्रोथ सिग्नल, तिन्ही आहे की. पण मोनूला आम्ही माती नाही खायला देत. दर काही आठवड्यांनी रक्तातली लेव्हल, तोंडात फोड येतात त्यावर जेल, साधा ताप आला तरी फोन. आणि गणपतीत पपनस बंद! ग्रेपफ्रूटने लेव्हल वाढते आणि पपनस त्याचंच भावंड, डॉक्टरांनी बजावून सांगितलंय. पठ्ठ्या दरवर्षी नैवेद्याच्या ताटाकडे बघून विचारतो, बाप्पाला चालतं का?

चहाबाज

मामा, मग एव्हरोलिमस बाबांना का नाही? त्यांच्यात पण तोच एमटॉर असेल ना शेवटी?

पेट्रीडिश

अगदी बरोबर प्रश्न. तो रस्ता ईजीएफआरपासून खाली पीआय३के, एकेटी आणि मग एमटॉर असाच जातो. म्हणून रेडिएशन आणि टेमोझोलोमाइडसोबत एव्हरोलिमस देऊन बघितलं होतं, ग्लायोब्लास्टोमात. फायदा नाही झाला, उलट एका ट्रायलमध्ये ते घेणाऱ्यांचं वाईट झालं. सेगा म्हणजे एकच तार तुटलेली गाठ, ती तार जोडली की काम होतं. ग्लायोब्लास्टोमात सगळं वायरिंगच जळालेलं असतं. वाईट वाटेल पण खरं ते लिहिलं.

गुरांचा_डॉक्टर

मी जनावरांचा डॉक्टर त्यामुळे इथे अधिकार शून्य, पण मामांच्या मातीवरून आमच्या मेंढ्या आठवल्या.

अमेरिकेतल्या आयडाहोत १९५० च्या दशकात मेंढ्यांना एकच डोळा असलेली कोकरं व्हायला लागली, कपाळाच्या मधोमध. सरकारी शास्त्रज्ञ कळपासोबत डोंगरात राहिले, गाभण मेंढ्यांना एकेक झाडपाला घालून बघितला, आणि कॉर्न लिली नावाच्या रानटी झाडाशी येऊन थांबले. गाभण राहून १४ व्या दिवशी मेंढीने ते खाल्लं की कोकरू एकडोळ्याचं. त्यातल्या विषाला नाव दिलं सायक्लोपामाइन. आम्हाला हे टॉक्सिकॉलॉजीत एवढंच होतं.

पुढचं मी खूप उशिरा वाचलं. ते विष हेजहॉग नावाचा वाढीचा सिग्नल रोखतं, आणि लहान मुलांच्या मेंदूत होणाऱ्या मेडुलोब्लास्टोमाचा एक प्रकार नेमका त्याच सिग्नलवर वाढतो! त्याच सिग्नलला, त्याच जागी रोखणारं व्हिस्मोडेगिब लॅबमध्ये बनवलं. २००९ मध्ये एका २६ वर्षांच्या पेशंटची केस छापून आली, अंगभर पसरलेल्या गाठी विरघळल्यासारख्या गेल्या, आणि दोन-तीन महिन्यांत परत आल्या, रिसेप्टरने रूप बदललं होतं. शिवाय वाढत्या मुलांना दिलं तर हाडांची वाढ वेळेआधी थांबते. कोकराचा डोळा आणि पोराची उंची, हिशोब तोच.

लोकलपकडू

अरे पण टाटाचं ते रेस्व्हेराट्रॉल आणि तांब्याचं काय? बातमी होती मध्यंतरी, ग्लायोब्लास्टोमावरच होती. त्यावर कोणीच बोलत नाहीये.

पेट्रीडिश

बरं झालं काढलंत. डॉ. इंद्रनील मित्रांच्या गटाचं काम ते. ऑपरेशनआधी साधारण ११-१२ दिवस १० पेशंटना रेस्व्हेराट्रॉल ५.६ मिलिग्रॅम आणि तांबं ५६० नॅनोग्रॅम दिवसातून ४ वेळा दिलं, दुसऱ्या १० जणांना नाही, आणि काढलेल्या गाठींची तुलना केली. गाठीतल्या वाढीच्या खुणा कमी दिसल्या. गंमत अशी की त्यांची कल्पना सिग्नल रोखायची नाहीच, मरणाऱ्या पेशींतून बाहेर पडणारे क्रोमॅटिनचे (डीएनए आणि प्रोटीनचे) तुकडे नष्ट करायची आहे, त्यासाठी डोस इतका चिमुकला. पेशंट जास्त जगले का हे २० जणांच्या अशा अभ्यासात कळत नाही, त्यासाठी तो केलेलाच नव्हता. आणि बाजारातली रेस्व्हेराट्रॉलची कॅप्सूल २५०-५०० मिलिग्रॅमची असते, ५.६ कुठे आणि ५०० कुठे. तांब्याच्या भांड्यातलं पाणी प्यायचं असेल तर प्या, त्याचा याच्याशी संबंध नाही. ट्रायलबद्दल मात्र जरूर विचारा, ट्रायलमध्ये जाणं आणि घरी ट्रायल करणं यात फरक आहे.

आणि लक्ष्मणफळाचं राहिलं होतं. त्यात अ‍ॅनोनासिन असतं, ते मेंदूतल्या चेतापेशींना विषारी. कॅरिबियन बेटांवर, ग्वादलूपमध्ये, ही फळं आणि पानांचा काढा भरपूर घेणाऱ्यांत पार्किन्सनसारखा आजार जास्त दिसला आणि बोट या फळाकडे दाखवलं गेलं. आधीच मेंदूचं ऑपरेशन झालेल्या माणसाला नकोच.

वैद्य_सातपुडा

पानांवरून आठवलं, सदाफुलीची पानं सकाळी चावून खाणारे निदान पाच जण माझ्याकडे येऊन गेलेत. सदाफुलीतून व्हिनक्रिस्टिन हे कॅन्सरचं औषध येतं हे खरं, ऑलिगोडेंड्रोग्लायोमा या मेंदूच्या गाठीच्या किमोत ते असतंही. पण ते शिरेतून, मोजून, आठवडे धरून देतात, आणि एवढं जपूनही बोटं बधिर होतात. कुंडीतल्या पानात किती आहे हे त्या कुंडीलाही माहीत नाही.

चहाबाज

अपडेट. १२ सिटिंग झाली. बाबा रेडिएशनच्या मास्कमधल्या स्वतःला "जाळीतला मासा" म्हणतात, केस एका बाजूचे गेलेत. रात्री आधी उलटीची गोळी, मग उपाशीपोटी कॅप्सूल, हे आईने कॅलेंडरवर खुणा करून पक्कं बसवलंय. प्लेटलेट १ लाख ६० हजार, लिव्हर नॉर्मल.

मागच्या बुधवारी मी तिन्ही बाटल्या, भावाचे चार पेपर आणि सालईचा अभ्यास असं सगळं पिशवीत घालून ओपीडीत नेलं. मुद्दाम शेवटचा नंबर लावला. डॉक्टर आधी हसले, मग खरंच बसून बोलले, दहा-बारा मिनिटं. पाइपरिनवाली बाटली नको, ग्रीन टीच्या गोळ्या नको, भाजीतली हळद पाहिजे तेवढी खा म्हणाले. सालईवर म्हणाले अभ्यास माहीत आहे, आत्ता डेक्सा हळूहळू कमी होतंय, सूज परत आली तर बघू. त्यांनी फाइलवर तसं लिहिलं पण. मी ट्रायलचं विचारलं तर एका ठिकाणी रिपोर्ट पाठवायला सांगितलेत, उद्या स्कॅन करून पाठवते.

आत्याला सांगायचं काम मात्र माझ्यावर आलं. दोन दिवस बोलली नाही. काल स्वतःच म्हणाली, त्या बाटल्यांचे पैसे गेले ते गेले, पण माझ्या ओल्या हळदीला का बोल लावता. तर आता घरात चार किलो ओली हळद आहे, त्यातली अर्धा किलो मऊ पडायला लागलीय. बाबांना तोंडाला चव नाही, आंबट काहीतरी हवंय. लोणच्याचं नीट प्रमाण कोणाकडे आहे का?

वाईची_मावशी

पावशेर हळद किस, हाताला तेल लावून घे नाहीतर आठवडाभर बोटं पिवळी. दोन इंच आलं, तीन-चार हिरव्या मिरच्या, मोहरीची पूड दोन चमचे, मीठ, आणि लिंबाचा रस किस बुडेल एवढा, त्यात कंजूषी नको नाहीतर बुरशी धरते. फोडणी पूर्ण गार करून ओत. तिसऱ्या दिवशी खायला काढ. आणि हो, काळी मिरी घालतात काहीजण, तू नको घालूस :)